गळालेलं ‘म्हणे’

फार फार वर्षांपूर्वी, म्हणे, काळ्या कातळावर वसलेलं एक गाव होतं. गावात एक बारव होती, बारवेला एक पाणराखीण होती. तिचं नाव सगुणा. तिला एकुलती एक लेक, तिचं नाव मैना. मैना गावातल्या गावातच दिली होती, खालच्या आळीला. हाक मारली तर ‘ओ’ ऐकू यावी एवढ्याच अंतरावर.

आता पाणराखीण म्हणजे काय, तुम्ही विचाराल. रोज दिवस उगवताना, कुणाचा हंडा पाण्याला लागायच्या आत, सगुणा बारवेच्या पायऱ्या उतरायची. गोटा बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली पाहायची. ओंजळभर पाणी हुंगायची, घोटभर प्यायची. मग वर येऊन सांगायची, “पाहिलं. गोड आहे.” की मग बायका हंडे घेऊन उतरायच्या.

आणि दर अवसेला ती एक गाठ मारायची. त्यासाठी अंबाडीची एक वेगळी दोरी होती, रांजणात वेटोळं करून ठेवलेली. महिनाभर पाणी गोड राहिलं तर गाठीत पांढरा दोरा, नासलं तर काळा. सगुणाच्या आधी तिच्या सासूने गाठी मारल्या, सासूच्या आधी आजेसासूने. अशा सात जणींच्या गाठी त्या दोरीत होत्या. सहा जणी मातीत गेल्या, गाठी राहिल्या.

ही गाठ एकटीला मारता येत नाही, बरं का. दुसऱ्या कुणी दोरी ताणून धरावी लागते, नाहीतर गाठ सैल बसते. मैना चालायला लागली तेव्हापासून दुसरं टोक तिच्या मुठीत असायचं. लग्न झालं तरी अवस चुकवायची नाही. मायलेकी समोरासमोर बसायच्या, मधे दोरी. एक ताणायची, एक बांधायची. सगुणाला नवरा नव्हता, मुलगा नव्हता. महिन्यातून एकदा ती दोरी ताणली जायची, तेवढाच तिचा संसार.

गावाची एक रीत होती. चावडीपुढे एक दगड होता. कुठल्याही गोष्टीचा वाद पडला, की ती गोष्ट ठाऊक असलेल्यांनी दगडावर हात ठेवून सांगायची. तिघांनी एकच सांगितलं की ते खरं. मग त्यावर कुणी ब्र काढायचा नाही. म्हणच होती त्यांची: एका तोंडची वाऱ्यावर, दोघांची दारावर, तिघांची दगडावर.

एके दिवशी त्या गावात एक परका शेट आला. बरोबर दहा बैल, भलेमोठे भाते आणि लोखंडी नळ्यांचा ढीग. त्याला सगळे आगशेट म्हणू लागले. चावडीवर बसून तो म्हणाला, “मंडळी, तुमच्या कातळाच्या पोटात आगवारा कोंडलेला आहे. आम्ही कातळात खोल भोक पाडतो, औषध कालवलेलं पाणी त्यात जोराने रेटतो. कातळ तडकतो, आगवारा नळीतून वर येतो. घरोघर चूल पेटेल. सरपण नको, फुंकणी नको, धूर नको!”

पाटलांनी विचारलं, “औषध कसलं?”

“ते आमच्या घराण्याचं गुपित.”

“आणि आमच्या बारवेच्या पाण्याचं काय?”

“तुमच्या गावातलीच जाणती माणसं सांगतील की,” आगशेट हसून म्हणाला.

इकडे मैनाचे डोळे चुलीपुढे बसून बसून गुंजेसारखे लाल झाले होते. वैद्याने सांगितलं होतं, धूर सुटला नाही तर दोन वर्षांत नजर जाईल. बिनधुराच्या चुलीचं ऐकलं तेव्हा ती धावतच आईकडे आली होती. सगुणालाही आनंद झाला. कोणत्या आईला होणार नाही? पण दुसऱ्या पहाटे पायऱ्या उतरताना तिच्या मनात आलं, कातळ तडकला तर तो तडा कुठवर जाईल? बारवही त्याच कातळात आहे.

चावडी भरली. पहिला कुंभार उठला. दगडावर हात ठेवून म्हणाला, “पाण्याला काही होत नाही.” मग देवळातले गुरव उठले. “पाण्याला काही होत नाही.” मग गावोगाव बांगड्या विकत हिंडणारा कासार उठला. “पाण्याला काही होत नाही.”

तीन तोंडं झाली. लोक टाळ्या पिटणार, तेवढ्यात सगुणा उभी राहिली.

“कासारदादा, परवा माझ्या ओट्यावर तुम्ही म्हणालात, ‘पाण्याला काही होत नाही म्हणे.’ आज दगडावर ते ‘म्हणे’ नव्हतं. कुठे गळालं?”

कासार जिभेचा तिखट. म्हणाला, “सगुणाबाई, बांगडी हातात जाईना तर मी तेल लावतो. बांगडी गेली की तेल पुसून टाकतो. ‘म्हणे’चं तसंच असतं!”

सगळी चावडी खो खो हसली. मैनाही हसली. सगुणाला ते हसू सगळ्यांत जास्त लागलं.

पण तिने माग सोडला नाही. दुसऱ्या दिवशी ती कुंभाराच्या मडकी भाजायच्या आव्यापाशी गेली.

“भावजी, तुम्ही हे पाहिलंत?”

“पाहायला कुठे जाऊ, वहिनी? गुरव म्हणाले. देवाच्या दारचा माणूस खोटं बोलेल का?”

ती गुरवांकडे गेली. गुरव म्हणाले, “कासार म्हणाला. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस तो.”

ती कासाराकडे गेली. कासार बांगड्यांची माळ ओवत म्हणाला, “आगशेटच्या मुनीमाने सांगितलं. धंदाच त्यांचा, त्यांना नाही कळणार?”

ती गावाबाहेर तंबूत मुनीमाकडे गेली. मुनीम हात जोडून म्हणाला, “अहो, तुमचे कुंभारच आम्हाला सांगत होते! मातीतला माणूस, जमिनीचं त्याला कळणार. मोठी जाणती माणसं आहेत हो तुमच्या गावात.”

सगुणा परतीच्या वाटेने बोटांवर मोजू लागली. कुंभाराचं गुरवांकडे, गुरवांचं कासाराकडे, कासाराचं मुनीमाकडे, मुनीमाचं परत कुंभाराकडे. केवढीही खोल बारव असो, तिला तळ असतो. दोरी सोडली की गोटा कुठेतरी टेकतो. या गोष्टीला तळच नव्हता. ती नुसती गोल गोल फिरत होती, आणि फिरता फिरता तिचं ‘म्हणे’ झिजून गेलं होतं.

तिने हे पाटलांना सांगितलं. पाटील म्हणाले, “सगुणाबाई, तिघांचे हात दगडावर पडले. आता रीत मोडू का?”

संध्याकाळी मैना आली. पदराने डोळे पुसत म्हणाली, “आये, गावभर विचारत फिरलीस म्हणे. सासूबाई बोलल्या, तुझ्या आईला लेकीचं सुख बघवत नाही.”

“तसं नाही गं. पाण्याचं काय होईल तेवढं कळू दे.”

“तिघांनी सांगितलं ना!”

“सांगितलं तिघांनी. पाहिलं कुणी?”

“मग तू एकदा हो म्हण. गाव तुझं ऐकून गप्प बसेल. माझ्यासाठी म्हण.”

सगुणा म्हणाली, “जे मी पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून सांगू? मग उद्या मी ‘पाणी गोड आहे’ म्हणेन, ते कुणी का मानावं?”

मैना उठली. दारात थांबून म्हणाली, “आये, एक सांग. तुझी लेक मी, की बारव?”

उत्तराची वाट न पाहताच ती निघून गेली.

गावात आगशेट नको म्हणणारेही होते. दुसऱ्या दिवशी सुतार नि त्याचा मेहुणा सगुणाकडे आले. आपलं म्हणणारं कुणीतरी आलं, म्हणून तिने लगबगीने घोंगडी अंथरली.

सुतार म्हणाला, “काकू, आम्ही दोघं आहोत, तिसरी तू हो. दगडावर सांगू, त्या औषधाने पोरांच्या अंगाला माशासारखे खवले येतात.”

“खवले पाहिलेत तुम्ही?”

“पाहायचे कशाला? लोक भ्यायले की झालं. चांगल्यासाठीच आहे ना?”

“मग त्यांचं नि तुमचं वेगळं काय रे?” सगुणा म्हणाली. “त्यांनी न पाहता ‘होत नाही’ म्हटलं, तुम्ही न पाहता ‘होतं’ म्हणता. मी तिसरं तोंड होणार नाही.”

सुतार ताडकन उठला. “मग राहा बारवेतल्या बेडकीसारखी एकटी!”

आणि ती एकटीच राहिली. हवं म्हणणाऱ्यांना ती नकोशी झाली, नको म्हणणाऱ्यांनाही नकोशी झाली. बायका हंडे भरायच्या, पण तिच्याशी बोलायच्या नाहीत. तिने “पाहिलं, गोड आहे” म्हटलं की मान दुसरीकडे वळवायच्या. सणाला तिच्याकडे कुणाची ताटली आली नाही. एका भाकरीचं पीठ मळायचं, अर्धी सकाळी खायची, अर्धी संध्याकाळी. कधी कधी दिवसभरात तिच्या तोंडून तेवढे तीनच शब्द निघायचे. मग ती पायऱ्यांवर बसून पाण्याशीच बोलायची. पाणी ऐकायचं, पण ‘ओ’ देत नाही ना ते.

अवस आली. सगुणाने रांजणातून दोरी काढली, पांढरा दोरा काढला. दिवस मावळेपर्यंत खालच्या आळीकडे बघत बसली. कुणी आलं नाही. मग तिने दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवली, पाय ताणला आणि एकटीनेच गाठ मारली. गाठ सैल बसली. सात जणींच्या गाठींत पहिली सैल गाठ.

गावाबाहेर भोक पडलं. बैल जुंपले, भाते हलले, औषधाचं पाणी कातळात रेटलं जाऊ लागलं. दिवसभर जमिनीच्या पोटात धम्म, धम्म व्हायचं. पाटलांच्या घरी पहिली निळ्या जाळाची चूल पेटली, तेव्हा सारं गाव बघायला लोटलं. पुढची चूल पाडव्याला मैनाच्या सासरी पेटणार होती.

पहिला महिना गेला. सगुणाने पाणी हुंगलं, प्यायलं. वर येऊन म्हणाली, “पाहिलं. गोड आहे.” दुसरा गेला, तिसरा गेला, चौथा गेला. “पाहिलं. गोड आहे.” सुतार तिच्या वाटेवर पचकन थुंकला, “आगशेटने विकत घेतली म्हातारीला!” कासार म्हणाला, “काय सगुणाबाई, सापडलं का तुमचं ‘म्हणे’?” पाणी गोड होतं, म्हणून तिने गोड म्हटलं.

पाचव्या महिन्यात, पाडव्याला आठ दिवस होते तेव्हा, ती नेहमीसारखी पायऱ्या उतरली. पाणी आरशासारखं निवांत होतं. आणि त्या आरशात, अगदी मधोमध, एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग मण्यांची माळ तुटावी तसे वर येतच राहिले. तिने ओंजळ नाकाशी नेली. नासलेल्या अंड्यासारखा बारीक वास.

सगुणा शेवटच्या पायरीवर बसून राहिली. आज ‘गोड आहे’ म्हटलं तर आठ दिवसांनी लेकीच्या घरी बिनधुराची चूल पेटणार. कुणी बघायला येत नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. वास इतका बारीक, की तिच्याशिवाय कुणाला कळलाही नसता. तिला मैनाचे गुंजेसारखे डोळे दिसले. ती रडली, ओंजळीतलं पाणी परत सोडलं आणि वर आली.

“पाहिलं,” ती म्हणाली. “बुडबुडे आहेत. वास आहे. कशाने, ते माहीत नाही.”

बायकांनी हंडे बुडवले. हंडे पडताच पाणी ढवळलं, बुडबुडे दिसेनासे झाले. “शेवाळ कुजलं असेल,” एक म्हणाली. “बेडूक असतील,” दुसरी म्हणाली. आगशेट चावडीवर म्हणाला, “बारव म्हातारी झाली, पाणराखीणही म्हातारी झाली!” एका तोंडची ती, वाऱ्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगुणा बारवेवर आली, तर पहिल्या पायरीवर कुणीतरी बसलेलं. हातात पणती.

“कोण गं?”

“मी आहे, आये.”

सगुणा तिच्याजवळ गेली. मैना म्हणाली, “चार महिने तू ‘गोड आहे’ म्हणालीस. तुझ्या वाटेवर थुंकले तरी म्हणालीस. आणि माझी चूल आठ दिवसांवर आली, तेव्हा ‘वास आहे’ म्हणालीस. जी माझ्यासाठी खोटं बोलली नाही, ती कुणासाठी बोलेल? मला पाहायचंय. पण नजर अधू झालीय, म्हणून दिवा आणला.”

सगुणाने तिचा हात धरला. दोघी पायऱ्या उतरल्या. मैनाने पाण्यावर तळहात धरला. बुडबुडे तिच्या तळव्याला गुदगुल्या करत फुटले. नीट दिसावं म्हणून तिने पणती खाली नेली.

भक्कन आवाज झाला. पाण्यावर निळी जीभ उठली, वळवळली आणि विझली. पाटलांच्या चुलीतली तीच निळी जीभ, बारवेत.

मैना आईला चिकटली.

मग मैना तडक चावडीवर गेली. दगडावर हात ठेवून म्हणाली, “पाहिलं. माझ्या पणतीने बारवेचं पाणी पेटलं.” सगुणाने तिच्या हाताशेजारी हात ठेवला. “पाहिलं.”

दोन तोंडं झाली. गाव चपापलं. पण आगशेट काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो म्हणाला, “अरे, हा तर तुमच्या बारवेचा जुनाच गुण! तुमच्या आज्या-पणज्यांच्या काळापासून असेच बुडबुडे येतात.”

लगेच गर्दीतून आवाज आला, “हो हो, माझी आजी सांगायची म्हणे!”

“आजीलाच विचारू या की,” सगुणा म्हणाली. घरी जाऊन तिने रांजणातली दोरी आणली. “ह्या घ्या आज्या. सात जणींनी दर अवसेला पाहिलेलं यात बांधलंय.”

चावडीपासून बारवेपर्यंत दोरी उलगडली. ती एवढी लांब, की सारं गाव रांगेने उभं राहिलं तेव्हा ती जमिनीवरून उचलता आली. ज्याच्या हातात जी गाठ आली, तो मोठ्याने सांगू लागला. “पांढरी.” “पांढरी.” “पांढरी.” अर्ध्या वाटेवर तीन काळ्या लागल्या. तिथे उभे असलेले जुने बाबा म्हणाले, “हे वासरू बुडालं त्या सालचं. मी तेव्हा पोर होतो, पण मी पाहिलंय.” मग पुन्हा पांढरी, पांढरी, पांढरी. शेवटी, चावडीपाशी, पाच सैल गाठी. मैनाच्या बोटांना त्या लागल्या. “या सैल का गं, आये?” तिने विचारलं. आणि विचारताच तिला उत्तर कळलं. तिने मान खाली घातली.

पाटलांनी दोरीचं टोक घेऊन दगडावर ठेवलं. “हे तिसरं तोंड,” ते म्हणाले. “बुडबुडे जुने नाहीत.”

सुतार ओरडला, “हाणा त्या आगशेटला!”

“थांबा,” सगुणा म्हणाली. “बुडबुडे नवे आहेत, एवढंच पाहिलं. ते कशाने आले, ते अजून कुणीच पाहिलेलं नाही. एक महिना भाते बंद ठेवा. मग पाहू.”

आगशेटने पुष्कळ आदळआपट केली, पण पाटलांनी बैल सोडायला लावले. आता पाहायला सगुणा एकटी जात नव्हती. पहाटे पायऱ्यांवर उभं राहायला जागा नसायची. दहाव्या दिवशी बुडबुडे विरळ झाले. विसाव्या दिवशी वास गेला. महिन्याने भाते पुन्हा चालवले, तर तिसऱ्या दिवशी बुडबुडे हजर! साऱ्या गावाने पाहिलं. कुणाला ‘म्हणे’ म्हणावं लागलं नाही.

पाटलांनी आगशेटला भोक चिकणमातीने बुजवायला लावलं आणि वेशीबाहेर काढलं. पण तडकलेला कातळ असा लगेच सांधत नाही. बुडबुडे थांबले, तरी दोन वर्षं बारवेच्या पाण्याला कडवट चव होती, ते पिण्याजोगं नव्हतं. दोन वर्षं गाव कोसभरावरच्या ओढ्यावरून पाणी आणत होतं, आणि डोक्यावरच्या हंड्याखाली प्रत्येकाला आपापलं गळालेलं ‘म्हणे’ आठवत होतं. कासार एकदा सगुणाच्या ओट्यावर आला. बराच वेळ बांगड्या चाळवत बसला. मग हळूच म्हणाला, “ते माझ्याकडेच गळालं होतं.” सगुणाने त्याला गूळपाणी दिलं.

चावडीची रीतही बदलली. दगडावर हात ठेवायचा, तर आधी ‘पाहिलं’ की ‘ऐकलं’ ते सांगायचं. ऐकलं असेल तर कुणाकडून, ते सांगायचं. आणि एकाचंच ऐकून दहा जण बोलले, तर ते दहा नव्हेत, एकच तोंड धरायचं.

आणि मैनाचे डोळे? कुंभाराच्या मनाला सल लागून राहिली होती. आगशेटच्या नळ्या पाहून त्याला एक सुचलं. त्याने मातीच्या पोकळ नळ्या भाजल्या, एकीत एक बसवल्या आणि मैनाच्या चुलीवरून छपरापार नेल्या. धूर त्यातून सरळ आभाळात गेला. सहा महिन्यांत मैनाच्या डोळ्यांतली लाली उतरली. पुढे घरोघर तशी धुराडी झाली. मैनाची सासू स्वतः सगुणाला हाताला धरून जेवायला घेऊन गेली.

दोन वर्षांनी एका अवसेला सगुणाने पाणी हुंगलं, प्यायलं आणि पांढरा दोरा काढला. मैना समोर बसली होती. तिने दोरीचं दुसरं टोक मुठीत घट्ट धरलं. मग म्हणाली, “आये, आज मी बांधते. तू ताण.” गाठ अशी पक्की बसली, की आजही ती सुटलेली नाही.

तात्पर्य: किती तोंडं बोलली ते मोजू नये, किती डोळ्यांनी पाहिलं ते विचारावं, आणि ऐकलेल्या गोष्टीतलं ‘म्हणे’ कधी गाळू नये.